खोकडांचे कंपाउंडर

त्यांनी मला कधी नमस्कार केला नाही, सलाम केला नाही, बरं आहे का म्हणून विचारलं नाही. दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवायचे आणि विचारायचे, “दोन ते आठ?” मी मागं वळून फ्रीजमधला काटा बघायचो आणि म्हणायचो, “दोन ते आठ.” मग दुसरा पाय वर यायचा.

केंदूरला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, तापली की मरते. हे मला शिकतानाच माहीत होतं, पण ते नमाजाच्या वेळेसारखं पाळायचं असतं हे चाचांकडून कळलं. चाचा म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. घर राहूला, दौंड तालुक्यात. बायको, मुलगा, शेळ्या, सगळं तिकडं. निवृत्त झाल्यावर माणूस घरी जातो. हे केंदूरलाच भाड्याच्या खोलीत राहिले, आणि कशासाठी, तर माळावरच्या खोकडांसाठी.

मी फार बोलणारा माणूस नाही. गिऱ्हाईकाला औषध देतो, कसं पाजायचं ते सांगतो, संपलं. पण चाचांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी त्यांच्या गमती सांगत बसेन आणि ती राहून जाईल. एकदा काटा दोन ते आठच्या पार बाहेर जाऊन आला होता, आणि तरीही मी तेच उत्तर दिलं.

खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्ह्यापुढं ते अगदीच किरकोळ. मांजरापेक्षा जरा उंच, मोठाले कान, शेपटीचा शेंडा काळा. मुरमाड माळावर बीळ करून राहतं. उंदीर, सरडे, भुंगेरे, पडलेली बोरं, मिळेल ते खातं. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी ते बघितलेलं असतं आणि कोल्ह्याचं पिल्लू समजून सोडून दिलेलं असतं.

या खोकडांसाठी चाचा काय करायचे, तर कुत्री टोचायचे.

दुकानात कुणी ना कुणी त्यांना छेडायचंच. “चाचा, खोकड वाचवायचं तर खोकडाला सुई मारा की. कुत्र्यानं काय घोडं मारलंय?”

“खोकड तुझ्या दारात येऊन हुबं ऱ्हातंय व्हय, मारा म्हणून? कुत्रं ऱ्हातंय. माळावर शेळी मेली की दिवसा कुत्रं तोंड घालतं, अंधार पडला की खोकड. एकाच ताटात जेवत्यात दोघं. कुत्र्याला डिस्टेंपरचा रोग झाला की खोकडाला झालाच. कुत्र्याला भाकर मिळती, एखांदं जगतं. खोकडाला आजारपणात कोण पेज करून घालतंय? तू घालशील?”

“मी कशाला घालू?”

“मंग कुत्रं घिऊन ये.”

हे त्यांच्या डोक्यात शिरलं ते नोकरीत असताना. भर दुपारी एक खोकड दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसलं होतं. डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय. लोक हसले, चाचांचा पाहुणा आला म्हणाले, कुणी बिस्कीट टाकलं. बिस्किटाला तोंड न लावता ते नुसतं चावत होतं, तोंडात काही नसताना. दिवस मावळायच्या आत मेलं. “माणसाला भ्यायाचं इसरलं, म्हंजी ते तवाच मेलं,” असं चाचा म्हणायचे. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल! दर वेळी बिस्किटावर येऊन थांबायचे.

त्यांच्या हिरव्या सदऱ्याची एक खुंटी माझ्या दुकानात होती. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यानं नमाज होत नाही, आणि घरमालकीण तो सदरा खोलीत घेऊ देत नव्हती. म्हणून सदरा माझ्याकडं. आल्यावर आपला पांढरा काढून घडी घालायची, हिरवा चढवायचा. परत आल्यावर माझ्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायचे, एकदा, दोनदा, सात वेळा, आणि मग पांढरा. माझी बायको म्हणायची, औषधांचं दुकान आहे का धोबीघाट? पण चहा ठेवायची.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. माणूस ओळखायचा तो कुत्र्यावरून. एकदा एका लग्नात त्यांनी चांगल्या पागोटेवाल्या आप्पांची मला ओळख करून दिली, “हे वाघ्याचे वडील.” आप्पा तांबडेलाल झाले. चाचांना कळेना काय चुकलं. “दोन डोस झालेत वाघ्याचे,” म्हणाले, म्हणजे मोठाच मान दिल्यासारखं. मला ते ‘फ्रीजवाले’ म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

आणि बीळ. माळावर कुठं बीळ आहे ते त्यांना पक्कं माहीत असायचं, पण त्याच्याकडं तोंड करून ते कधी बसले नाहीत. दोनदा मला घेऊन गेले. बरंच लांब बसले, बिळाकडं पाठ करून. मी मान वळवली तर गुडघ्यावर चापट. “बघू नको. आई बघती आपल्याकडं. तिला बघू दे.”

“मग आपण आलो कशाला, चाचा?”

“तिला कळाया नको, ही दोन माणसं निसती बसत्यात, करत कायबी न्हाईत म्हणून?”

तासभर आम्ही रांजणगावच्या कारखान्यांच्या दिशेला बघत बसलो. उठताना त्यांनी वाटेवरची वाळकी लेंडी उचलली, बोटांनी कुस्करली. बोराची बी, भुंगेऱ्याचे चमकते पंख. “जेवलंय चांगलं,” म्हणाले आणि इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर मला उसाचा रस पाजला.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

डिस्टेंपरची लस सरकारी दवाखान्यात मिळत नव्हती. चाचांनी पुण्याला खेटे घातले, ओळखीच्या डॉक्टरांच्या दारात बसले, दोन महिने. शेवटी ऐंशी बाटल्या मिळाल्या. एवढ्याशा बाटल्या, तळाशी पांढरी वाळलेली वडी, टोचताना त्यात पाणी घालायचं. त्या त्यांनी स्वतः बर्फातून आणल्या आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. रमजान होता, रोजा होता, तोंडाला कोरड पडलेली. फ्रीजचं दार लावून त्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, “ईद करून येतो. सोमवारी सुरू. बिळात पिल्लं हायती अवंदा, चार. ती माळावर हिंडाया लागायच्या आत कुत्री टोचून झाली पायजेत.” आणि राहूला गेले.

त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या बाजारपेठेत मोबाइलचं एक दुकान जळालं होतं. शॉर्टसर्किट. तेव्हापासून सगळे दुकानदार कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली ओढायला लागले होते. मीही. रोज मेन बंद करायचो आणि फ्रीजची वायर शेजारच्या दळणाच्या गिरणीच्या बोर्डावर लावून जायचो. शुक्रवारी दुपारी मला कवठे येमाईला जायचं होतं. बहिणीच्या मुलीचा शनिवारी साखरपुडा होता आणि मी मामा. गाडीत बायको, मुलं बसलेली, हॉर्न वाजतोय. मी मेन ओढला, शटर ओढलं, कुलूप लावलं.

शनिवारी पंगतीत मठ्ठा आला. वाटीत बर्फाचा खडा होता. तो बघितला आणि मला फ्रीज आठवला.

इथवर विसरणं होतं. विसरणं माणसाला माफ असतं म्हणतात. पण मला आठवलं, हे मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. घास हातात, आणि मला स्वच्छ आठवलं. कवठ्याहून केंदूर मोटारसायकलवर तासाभराचं. चावी माझ्या खिशात होती. उठलो असतो तर एक दिवसाचंच तापलं असतं, निम्म्या तरी कदाचित जगल्या असत्या. बहीण म्हणाली, “दादा, जेवत का नाहीस?” व्याही समोर बसलेले. मामानं पंगतीतून उठायचं आणि कशासाठी, तर कुत्र्यांच्या औषधासाठी? मी मठ्ठा प्यालो. मग वाटलं, संध्याकाळी जाऊ. संध्याकाळी सगळे म्हणाले, राहा. मी राहिलो.

रविवारी तिन्हीसांजेला शटर उघडलं. पत्र्याचं दुकान, आत भट्टी. फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. काटा पार उजवीकडं जाऊन टेकलेला. मी एक बाटली उजेडात धरली. वडी पांढरी होती, जशीच्या तशी. मेलेली लस अगदी जिवंत लशीसारखी दिसते. मी फरशी पुसली, मेन चालू केला, रात्रीतून काटा खाली आला.

सोमवारी सकाळी चाचा आले. हातात शीरखुर्म्याचा डबा. पायरीवर एक पाय.

“दोन ते आठ?”

मी मागं वळून बघितलंसुद्धा. खरंच दोन ते आठच होतं त्या वेळी.

“दोन ते आठ,” म्हणालो.

का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. त्यांनी दोन महिने खेटे घातलेले, पुन्हा मिळणार नव्हत्या. ते गावभर सांगायचे, माझ्या पोरापेक्षा माझा त्या फ्रीजवाल्यावर भरवसा आहे. आणि मला वाटलं, थोड्या तरी जिवंत असतील. ही सगळी कारणं खरी आहेत. सगळ्यात खरं एवढंच, की त्यांच्या हातात डबा होता आणि मला तोंड उघडवलं नाही.

आठ दिवस आम्ही वस्त्या फिरलो. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारी धनगरांची घरं आता शेती करतात, पण कुत्री ठेवायची सवय गेलेली नाही. मी कुत्रं धरायचो, चाचा टोचायचे. प्रत्येकाच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. मी ऐंशी कुत्री धरली. दर वेळी सुई आत जाताना सांगून टाकावंसं वाटायचं, आणि सुई बाहेर आली की वाटायचं, झालं, आता बोलून उपयोग नाही. दुसऱ्या कुत्र्याला परत तेच. रात्री झोप नाही. सकाळी चाचांच्या आधी दुकानात जाऊन काट्याकडं बघत बसायचो, जणू आता तो बरोबर राहिला तर मागचं बरोबर होईल.

मृगाच्या तोंडावर माळाच्या कडेच्या वस्तीवर एका म्हातारीचा काळ्या झटके द्यायला लागला. तिनं निरोप पाठवला. आम्ही गेलो. कुत्रं आडवं पडून पाय मारत होतं, जबडा चावत होता, तोंडात काही नव्हतं. चाचा त्याच्याकडं बघत राहिले.

“तुमीच टोचलं व्हतं की ह्येला,” म्हातारी म्हणाली. “मंग?”

चाचा खाली बसून काळ्याच्या डोळ्यांतली चिपडं पुसायला लागले. मी त्याचे पाय धरले.

मग एकामागून एक. आणि एका दुपारी शेताच्या बांधावर एक खोकड गोल गोल फिरताना दिसलं. माणसं जवळ गेली तरी पळेना. चाचांनी ते ऐकलं आणि सरळ माळावर चालत सुटले, हिरवा सदरा न घालता, पांढऱ्या कपड्यांत. मी मागं. या खेपेला ते लांब बसले नाहीत. बिळाच्या तोंडाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि आत बघितलं. तोंडाशीच दोन पिल्लं होती. मुंग्या लागलेल्या. आत हात घातला तर तिसरं. चौथं सापडलं नाही. चौथं दिसलं नाही म्हणून मी कित्येक रात्री त्याच्याच आशेवर काढल्या.

चाचांनी आपले हात समोर धरले, पालथे, सुलटे.

“तू धरत व्हतास,” म्हणाले. “माझी सुई कातड्यातच ऱ्हाईली का? हात थरथरत व्हता का माझा? खरं सांग.”

“नाही चाचा. तुमची सुई नीट होती.”

“मंग?”

एवढा मोठा माळ, वारा होता, जवळपास कुणी नव्हतं. बोलायला याहून बरी जागा मला कधी मिळणार नव्हती. मी म्हणालो, “चला, ऊन झालंय.”

गावात बोलणं सुरू झालं. चाचानं टोचली तीच कुत्री मेली. कुणी म्हणालं, मुदत संपलेलं औषध होतं. कुणी त्यांच्या टोपीवरून आणखी काही म्हणालं, ते मी इथं लिहीत नाही. ते माझ्या दुकानात, माझ्या काउंटरपुढं बोललं गेलं आणि मी औषधाची पुडी बांधत राहिलो. पंधरवड्यात चाचांनी खोली सोडली. मला भेटायला आले तेव्हा पायरी चढले नाहीत. सदरा राहू दे म्हणाले. फ्रीजचं त्यांनी विचारलं नाही, ते विचारायचं काही कारणच आता उरलं नव्हतं.

दोन उन्हाळे गेले. माळाच्या आसपास एकही कुत्रं टोचलं गेलं नाही. दवाखान्यात नव्या डॉक्टर मॅडम आल्या, हुशार, त्यांनी लस मिळवली, पण वस्तीवर पाय ठेवला की लोक म्हणायचे, एकदा टोचून बघितलंय बाई, नको. आणि यंदा थंडी सरता सरता गुरं चारणारा एक जण दुकानात आला, सहज म्हणाला, माळावर ताजा मुरूम उकरलाय, खोकडाचं जोडपं दिसतंय.

त्या दिवशी माझ्यानं जेववलं नाही. पिल्लं होणार, हिंडायला लागणार, आणि खाली वस्त्यांवर सगळी कुत्री तशीच.

दुसऱ्या दिवशी राहूला गेलो. चाचा लिंबाखाली बाजेवर बसले होते. समोर एक शेळी लंगडत होती आणि त्यांचा मुलगा कुणाला तरी फोन करून सुई द्यायला बोलावत होता. मला बघून हसले. “या फ्रीजवाले.” मुलाला म्हणाले, चहा सांग. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. आणि सांगितलं. मेन स्विच, मठ्ठा, बर्फाचा खडा, फरशी पुसली ते, माळावरचं नवं बीळ, सगळं. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

त्यांनी शिवी दिली नाही. विचारलं, “किती तास?”

“पन्नासच्या वर.”

“फ्रीजच्या दारात ठेवल्याल्या का आत?”

“आत.”

“मंग समद्याच गेल्या.” ते आपल्या हातांकडं बघत होते. “दोन वरसं मी माझ्या बकरीला सुई लावली न्हाई. पोराला म्हणतो, दुसऱ्याला बोलव, माझ्या हाताला यश न्हाई.” मग एकदम आवाज चढला. “आन् तू माळावर मला सांगितलंस, ऊन झालंय!”

“चाचा, चुकलो. मला—”

“मला काय सांगतो? मी कुत्रं हाय का? ज्याच्या ज्याच्या दारात आपुन गेलो त्याच्या दारात जा. एकेक. सांग, चाचाची सुई नीट व्हती, लसबी चांगली असती, मीच मारली. ती लोकं आता कुत्र्याला हात लावू देत न्हाईत, ते माझ्यामुळं न्हाई, तुझ्यामुळं. पिल्लं बिळाभायेर यायाला दीड म्हैना हाय.” त्यांनी तोंड फिरवलं. “जा. आन् हितं परत येऊ नको.”

मुलगा चहा घेऊन आला. मी उभाच होतो. चाचा त्याला म्हणाले, “त्येला येऊ नको म्हणून सांग. सुई आण इकडं.”

तेव्हापासून मी दारं फिरतोय. डॉक्टर मॅडम लस घेऊन मागून येतात, थर्मास माझ्या खांद्यावर. मी आधी अंगणात जातो आणि सांगतो. काही जण हसतात. एकानं कॉलर धरली. आप्पांनी, वाघ्याच्या वडिलांनी, ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. तीन वस्त्यांवर नाही म्हणाले ते नाहीच. दुकानात गिऱ्हाईक कमी झालंय. फ्रीजमधलं औषध माझ्याकडून घ्यायला लोक कचरतात, आणि ते बरोबरच आहे.

काल काळ्याच्या म्हातारीच्या वस्तीवर गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. पायाशी नवं कुत्रं, तांबडं, वर्षाचं असेल. मी सांगायला लागलो. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. पंगतीचं सांगितलं तेव्हा फक्त वर बघितलं.

“मठ्ठा प्यालास?” म्हणाली.

“व्हय.”

“माझा काळ्या चार दीस वरडत व्हता.”

मॅडम फाटकाशी उभ्या होत्या, आत येऊ की नको असं त्यांना झालेलं. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं, थर्मासकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“चाचा न्हाई आले?”

“ते बोलत नाहीत माझ्याशी.”

“बरं करत्यात,” म्हातारी म्हणाली. सूप बाजूला सारलं, उठली, आणि तांबड्याचं तोंड दोन्ही हातांत घट्ट आवळून मॅडमना मानेनंच आत बोलावलं.

“तू बघत काय बसलास? मागनं धर.”